गाणं बाजूला ठेवून ती अर्धीच तुमच्याकडे येते : मालिका-चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक आणि कास्टिंग करणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

संगीत नाटकात गाणारी अभिनेत्री तुमच्याकडे ऑडिशनला येते तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक घडतं. "फार नाटकी आहे" असा शेरा पडून ती परत जाते. नाहीतर तिची निवड होते आणि पहिल्याच दिवशी तिला सांगितलं जातं, "गाणंबिणं आपल्याकडे नाही, तुम्ही फक्त बोला." पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या तयारीने उत्तम काम करू शकली असती अशी नटी तुम्ही गमावता. दुसऱ्या वेळी तिला अर्धीच कामावर घेता. दोन्ही टाळता येतं. कसं, तेच या पत्रात सांगायचं आहे.

रंगभूमीवरच्या बायका पडद्यावर आल्या त्या पडद्याच्या जन्मापासून. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी होत्या. चित्रपट मुका, त्यामुळे रंगभूमीवर कमावलेला आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. त्यात संगीत देणारे आणि हरिश्चंद्राची भूमिका करून गाणारे गोविंदराव टेंबे हे नाटक कंपन्यांमधूनच आलेले. त्या काळी नट चित्रीकरणाच्या वेळीच मायक्रोफोनसमोर गायचे. पार्श्वगायनाची प्रथा त्यानंतर रुळली. १९३५ च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले, पण 'प्रभात' फिल्म कंपनीबरोबरचं त्यांचं काम त्या एका चित्रपटावर थांबलं. १९३७ साली बाबूराव पेंटरांनी 'साध्वी मीराबाई' केला, तो म्हणजे जवळजवळ कॅमेऱ्यासमोर उभं केलेलं नाटकच. याउलट गायक-नट जयराम शिलेदार १९४७ च्या 'रामजोशी'त शोभले, कारण तिथे गाणं हा शाहीर रामजोशीचा धंदाच होता आणि पटकथा त्याभोवती बांधलेली होती. नाटक जसंच्या तसं कॅमेऱ्यापुढे ठेवून भागत नाही, आणि नटाकडून त्याचं गाणं काढून घेऊनही भागत नाही, हे आपल्याकडे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच दिसून गेलं आहे.

आता 'नाटकी' या शब्दाकडे वळू. हा एक दोष नाही. त्यात चार-पाच वेगवेगळ्या सवयी आहेत. प्रत्येकीला रंगमंचावर नेमकं कारण आहे आणि प्रत्येकीवर वेगळा उपाय आहे. सगळ्यांवर मिळून "थोडं कमी करा" एवढंच सांगितलं, तर काय कमी करायचं ते तिला कळत नाही आणि ती सगळंच कमी करते. मग चेहरा निर्जीव होतो आणि तुम्ही म्हणता, "कॅमेऱ्यासमोर घाबरते."

सर्वात आधी आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचं शिक्षण तिला मिळालेलं असतं. सेटवर लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवलेला छोटा माइक, हनुवटीपासून वीतभर खाली असतो. तिने नेहमीच्या जोराने वाक्य उचललं की साउंड रेकॉर्डिस्ट पातळी खाली आणतो, आणि मग पुढचं हळवं वाक्य सेटच्या घरघरीत बुडतं. यावर सगळे देतात ती सूचना म्हणजे "हळू बोला", आणि ती चुकीची आहे. हळू बोलताना गाणारी बाई पोटाचा आधार सोडते, वाक्यांची शेपटं गिळली जातात, आवाजात वारा मिसळतो आणि संध्याकाळपर्यंत गळा बसतो. कुजबुज तर गाणाऱ्या गळ्याला साध्या बोलण्यापेक्षा जास्त दमवू शकते. सूचना अंतराची द्या: "श्वास तोच ठेवा, फक्त समोरच्या माणसापर्यंत पोचवा." सरावही तसाच. एकच उतारा आधी वीस फुटांवरच्या माणसाला, मग सहा फुटांवरच्या आणि शेवटी दोन फुटांवरच्या माणसाला ऐकवायचा. तिन्ही वेळा व्यंजनं सारखीच स्पष्ट हवीत, कमी होतो तो फक्त जोर. दोन फुटांवर फोन ठेवून रेकॉर्ड करायचं आणि लगेच ऐकायचं. रोज वीस मिनिटं केलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक कानाला कळतो.

दुसरी सवय फक्त संगीत नाटकवाल्यांची आहे, आणि तुमच्याकडे ती क्वचितच कोणी ओळखतं. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू होण्याआधी ऑर्गनवाला शेवटच्या शब्दांवर सूर देतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने बोलण्याचा शेवट आपोआप षड्जाकडे ओढला जातो, शेवटचा स्वर लांबतो. रंगमंचावर हे सुंदर लागतं, कारण बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळूच नये, हीच तर कला. मालिकेत मात्र तिने "चहा ठेवते" म्हटलं तरी पुढे पद येणार असं वाटतं. उपाय साधा आहे. संवादाच्या वाचनाआधी तासभर तंबोरा किंवा पेटी लावायची नाही, आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मुद्दाम खाली सोडून वाचायचं. पहिले काही दिवस ते तिला बेसूर वाटेल. वाटू द्या.

नजरेचं गणित तर उलटच होतं. रंगमंचावर सहकलाकाराशी बोलतानाही चेहरा तीन-चतुर्थांश प्रेक्षकांकडे असतो. सेटवर लूक, म्हणजे नजरेची दिशा, लेन्सच्या अगदी कडेला लागतो. क्लोजमध्ये, म्हणजे चेहरा जवळून घेतलेल्या शॉटमध्ये, ती समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने पाहू लागली की बुबुळं सारखी हलतात आणि पडद्यावर ती अस्वस्थ दिसते. म्हणून एकाच डोळ्यात पाहायचं, जो लेन्सच्या जवळ असेल त्यात. हे एका वाक्यात सांगता येतं, तरी कोणी सांगत नाही.

हातांचं दुखणं फ्रेमशी निगडित आहे. शॉट लावताना कॅमेरामन लेन्स बदलतो, तेव्हा आपण कुठपर्यंत दिसतोय ते तिला सांगा: कमरेपर्यंत, छातीपर्यंत की कपाळ-हनुवटी. ८५ मिमीच्या लेन्सवर क्लोज लागलेला असताना तिने नेहमीसारखा हात उचलला, तर हात दिसत नाही, नुसता खांदा उडालेला दिसतो. "फ्रेम काय?" हा प्रश्न प्रत्येक शॉटआधी विचारायची सवय तिलाही लागू द्या आणि उत्तर देण्याची तुमच्या सहायकांनाही.

टाळीसाठी थांबणं तिचं आपोआप सुटतं, पहिल्या आठवड्यातच. कंटिन्युइटीचं मात्र मुद्दाम शिकवावं लागतं. नाटकात रोजचा प्रयोग थोडा वेगळा होतो आणि तो तसा व्हावा अशीच अपेक्षा असते. इथे मास्टरमध्ये, म्हणजे पूर्ण प्रसंगाच्या शॉटमध्ये, पेला ज्या शब्दावर उचलला, त्याच शब्दावर क्लोजमध्येही उचलायचा. पण तालात वाढलेल्या माणसाला हे इतरांपेक्षा लवकर जमतं. हालचाल शब्दाला बांधा, समेसारखी, एवढं सांगितलं की ती कितव्याही टेकला तिथेच पोचते. आठ-आठ मात्रा मनात मोजत अभिनय करणाऱ्या बाईला एक पेला जागेवर उचलणं अवघड नाही.

आता गाणं. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण सर्वात जास्त नुकसान इथेच होतं.

गाणाऱ्या अभिनेत्रीला दुसऱ्या गायिकेच्या आवाजावर ओठ हलवायला लावणं ही सर्वसाधारण रीत झाली आहे. कधी ते अटळ असेलही. तसं असेल तर ट्रॅक तिच्या हाती किमान चार-पाच दिवस आधी द्या. पार्श्वगायिकेने श्वास कुठे घेतला आहे त्या जागा तिने शब्दांवर खुणेने लिहून घ्यायच्या, आणि शॉट चालू असताना ओठ हलवायचे नाहीत तर खरोखर मोकळ्या गळ्याने गायचं, तो आवाज वापरला जाणार नसला तरी. गाताना मानेच्या शिरा, पोट, खांदे जे करतात त्याचं सोंग आणता येत नाही. 'आ'काराची तान घेताना खरा गाणारा जबडा स्थिर ठेवतो, हालचाल गळ्यात आणि पोटात होते. न गाणारी नटी प्रत्येक स्वराला जबडा हलवते आणि घरी बसलेल्या प्रेक्षकालाही ते खोटं वाटतं, कारण सांगता आलं नाही तरी.

ट्रॅकची गती तपासून घ्या. गाणं २५ फ्रेमच्या हिशेबाने बांधलेलं आणि कॅमेरा २४ वर चालवलेला, असं घडतं. फरक चार टक्क्यांचा, पण तो कुणी सावरला नाही तर स्वर अर्ध्या स्वरापेक्षा थोडाच कमी सरकतो. काळी चार या पट्टीतलं, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरलेलं, गाणं मग ना काळी चारचं राहतं ना शेजारच्या पट्टीचं. स्लो मोशनसाठी ४८ फ्रेमवर शूट करायचं तर ट्रॅक दुप्पट वेगाने वाजवावा लागतो. त्या वेगात तानेवर तोंड जुळवणं कोणालाही शक्य नाही. तसा शॉट आलापाच्या किंवा ठाय, म्हणजे संथ, ओळीवर ठेवा.

पण आमचं खरं मागणं वेगळं आहे. तिला सेटवरच गाऊ द्या आणि तोच आवाज ठेवा. हे तांत्रिकदृष्ट्या आज पूर्वीपेक्षा सोपं आहे.

त्याची पद्धत अशी. ऑर्गन किंवा पेटी आणि तबला यांची साथ शेजारच्या बंद खोलीत बसवा, त्यांच्यासमोर मॉनिटर ठेवा म्हणजे तिचा चेहरा त्यांना दिसेल. साथ तिच्या एका कानात बारीक इअरपीसने द्या, कॅमेऱ्यापासून दूरच्या कानात, केसांखाली, आणि जेमतेम ऐकू येईल इतकीच. मोठी केली तर ती माइकमध्ये झिरपते. दुसरा कान मोकळा हवा, नाहीतर तिला स्वतःचा आवाज कळत नाही आणि ती स्वर चढवते. साथ वेगळ्या ट्रॅकवर घ्या. मेट्रोनोमच्या ठोक्यावर नाट्यपद गायला लावू नका. या गाण्याची लय शब्दाबरोबर थोडी पुढेमागे होते आणि ती मोडली तर पद पाठांतरासारखं लागतं. संकलकाला लय बदलण्याची भीती असते, ती रास्तच. म्हणून मुख्य टेक तीन कॅमेऱ्यांवर एकदम घ्या. मालिकेच्या सेटवर इतके कॅमेरे बहुधा असतातच. जो टेक मान्य होईल त्याचाच आवाज पुढच्या सगळ्या तुकड्या-तुकड्यांच्या शॉटसाठी प्लेबॅक म्हणून वाजवा. मग सगळं आपोआप जुळतं.

बोलण्याच्या पातळीवरून ती तार सप्तकात जाते तेव्हा आवाज २० डेसिबलहूनही जास्त उसळू शकतो. म्हणून तिच्या माइकचा दुसरा ट्रॅक १० ते १२ डेसिबल खाली ठेवून समांतर रेकॉर्ड करायला सांगा. लेपलवर विसंबू नका. पदर आणि मंगळसूत्राची खसखस संवादात झाकता येते, आलापात नाही. बूम, म्हणजे काठीवरचा माइक, दीड-दोन फुटांवर हवा. पद संपल्यावर अर्धा मिनिट सगळ्यांनी स्तब्ध राहून रूम टोन, म्हणजे जागेचा नुसता शांत आवाज, घ्या. आणि त्या दिवशी सेटवर धूर सोडू नका. देवघराच्या प्रसंगात प्रकाशाचे झोत दिसावेत म्हणून सोडलेला धूर चौथ्या टेकला तिच्या गळ्यातून ऐकू येतो.

वेळही महत्त्वाची. सकाळी सातच्या कॉल टाइमला लगेच पद लावू नका, गळा उघडलेला नसतो. जेवल्या जेवल्याही नको. साधारण अकरा ते एक ही वेळ बरी, त्याआधी तीस-चाळीस मिनिटं तिला मेकअप रूमच्या बाहेर एक शांत जागा द्या. पूर्ण आवाजातले चार-पाच टेक, त्याहून जास्त नाही. रडण्या-ओरडण्याचा प्रसंग त्याच दिवशी असेल तर तो पदानंतर घ्या.

पट्टी तिला विचारा. रंगमंचावर ती काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असेल, कारण तिथे तेज हवं असतं. स्वयंपाकघरात एकटीने गुणगुणायचं असेल तर पांढरी पाच किंवा काळी तीन जास्त खरी लागेल. मात्र संगीतकाराने ठरवून आणलेल्या पट्टीत तिचा मंद्र, म्हणजे खालचे स्वर, बसतो की नाही हे तालमीत पाहा, सेटवर नाही.

"पद फार लांब असतं" ही तक्रार ऐकू येते. रंगमंचावर ते रंगलं की आठ-दहा मिनिटं चालतं, खरं आहे. पण जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, आणि आपल्या आजी-आजोबांनी ही पदं त्या साडेतीन मिनिटांतच पाठ केली. मुखडा, एक अंतरा, ठरवून घेतलेल्या दोन ताना: अडीच मिनिटांत पद पूर्ण होतं. प्रसंगाची गरज एका ओळीची असेल तर एक ओळ घ्या. पण ती तिची असू द्या.

हक्कांच्या भीतीने पदं टाळली जातात, तेही बऱ्याचदा विनाकारण. आपल्या कायद्यात लेखक आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. 'सौभद्र'चे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, 'शारदा'चे देवल १९१६, 'स्वयंवर'चे संगीतकार भास्करबुवा बखले १९२२, 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे खाडिलकर १९४८, 'मानापमान'चे संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५. म्हणजे 'सौभद्र', 'शारदा' यांचे शब्द, 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) यांचे शब्द आणि मूळ चाली आज सर्वांना मोकळ्या आहेत. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले आणि जितेंद्र अभिषेकी १९९८ साली, त्यांच्या चालींना परवानगी लागेलच. 'कुलवधू' किंवा 'कट्यार काळजात घुसली'मधलं पद घ्यायचं तर ती घ्या. कुणाची जुनी ध्वनिमुद्रिका थेट वाजवायची असेल तर तिचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षांचा. तुमची नटी स्वतः गाणार असेल तर हा शेवटचा प्रश्न उरतच नाही.

ऑडिशनची रीतही बदलावी लागेल. नाव, उंची, डावी बाजू, उजवी बाजू आणि एक मिनिटाचा संवाद, असा घरून पाठवलेला व्हिडिओ पाहून संगीत नाटकातली नटी नेहमीच नापास होईल. तिला समोर बोलवा. आठ ओळींचा एकच संवाद लाँग, मिड आणि क्लोज अशा तीन फ्रेममध्ये घ्या, मध्ये दहा मिनिटं देऊन वर लिहिल्यासारख्या नेमक्या सूचना द्या. पहिला टेक पाहून निर्णय घेऊ नका. पहिल्या आणि तिसऱ्या टेकमधलं अंतर पाहा, ती किती लवकर शिकते ते तिथे दिसतं. मग संवादातून थेट पदाच्या दोन ओळींत जायला सांगा, बसून, अर्ध्या आवाजात, साथीशिवाय, कॅमेरा न थांबवता. बोलणं आणि गाणं यांच्यातला तो सांधा तिने कसा पार केला, यात तिची सगळी तालीम दिसते. निवड झाली की शूट सुरू होण्याआधी तिला रिकाम्या सेटवर दोन दिवस द्या, एक कॅमेरा आणि एक सहायक दिग्दर्शक पुरेसा आहे. दोन दिवसांचा तो खर्च पहिल्या महिन्यात वाचलेल्या टेक्समधूनच भरून निघेल.

तारखांचा प्रश्न सर्वांना माहीत आहे, तरी तो दर वेळी भांडणापर्यंत जातो. नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी, आणि नाट्यगृहाच्या तारखा काही महिने आधी ठरलेल्या असतात. करार करतानाच त्या तारखा परिशिष्टात लिहून घ्या, आणि "चॅनेलच्या परवानगीशिवाय अन्यत्र काम नाही" या कलमातून नाटकाचे प्रयोग स्पष्ट शब्दांत वगळा. प्रयोगाच्या दिवशी बारा तासांची शिफ्ट लावून "साडेआठच्या तिसऱ्या घंटेपर्यंत पोचा" असं म्हणणं म्हणजे नाही म्हणणंच आहे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सेटवरून संध्याकाळी दादर गाठायला किती वेळ लागतो हे तुम्हीही जाणता. नाटक सोडायला लावलं तर ज्या रियाजासाठी तिला घेतलं तोच सहा महिन्यांत उतरतो. गाता गळा साठवून ठेवता येत नाही.

पैशांचंही एक. नाटकात तिला नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, मिळते, बहुधा प्रयोगानंतर लगेच. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात. नाटकाचे प्रयोग कमी करून ती तुमच्याकडे आली, तर पहिले तीन महिने तिच्या हातात काहीच नसतं. निदान पहिल्या तीन बिलांसाठी ही मुदत तीस दिवसांवर आणा.

आणि तिने गायलेल्या गाण्याबद्दल करारात वेगळं कलम ठेवा. अभिनयाच्या मानधनात गाणं 'धरलेलं' नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ३८अ व्यावसायिक वापरासाठी कलावंताला रॉयल्टीचा हक्क देतं, आणि गायकांची रॉयल्टी गोळा करणारी 'इस्रा' (आता 'इसाम्रा') ही संस्था २०१३ पासून आहे. तिला तिथे सभासद व्हायला सांगा, गाण्याची नोंद तिच्या नावाने पाठवा. कलम ३८ब नुसार सादरीकरण आपलं म्हणून ओळखलं जावं असा हक्कही तिला आहे. त्यामुळे श्रेयनामावलीत 'अभिनय'खाली तिचं नाव येईल तेव्हा 'गायन'खालीही यावं, आणि ऑर्गन-तबल्यावर साथ करणाऱ्यांचीही नावं त्याच्या खालोखाल असावीत.

आपले,
संगीत रंगभूमीवर आणि पडद्यामागे काम करणारे काही जण